माईच्या झिनियाच्या चौसष्ट बिया

श्यामकांत कर्णिकांना वाट बघता येत नाही. म्हणजे अगदी येतच नाही. चहाला उकळी फुटायच्या आत हे गाळणं हातात धरून उभे. दवाखान्यात तीन नंबर पुढे असले तरी हे दर दोन मिनिटांनी दार किलकिलं करून आत डोकावणार. इडलीपात्राचं झाकण तर त्यांनी आयुष्यात इतक्यांदा मध्येच उघडलंय, की त्यांच्या घरची फुगलेली इडली आजवर कोणी पाहिलेली नाही. बायको नीलिमा चिडायची, तेव्हा उत्तर ठरलेलं: "सॅम्पल काढल्याशिवाय आत काय चाललंय ते कळणार कसं?"

बरं, यात त्यांचाही फारसा दोष नाही. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला काढली. बॅच चालू असली की दर तासाला सॅम्पल काढायचं, तपासायचं, वहीत लिहायचं आणि खाली सही ठोकायची. एकदा साक्षात मोठ्या साहेबांनी "थोडं इकडचं तिकडे करा हो कर्णिक" म्हटलं, तर यांनी पेन टेबलावर ठेवून दिलं होतं. अशा माणसाला रिटायर करून घरी बसवलं, आणि वर त्याच्या हातात बियांची पुडी दिली. आता सांगा, काय व्हायचं होतं?

ती पुडी द्यायची पाळी आली नीलिमाच्या पायामुळे. होळीच्या आठवड्यात ती गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरताना शेवटच्या चार पायऱ्या एकदम उतरली आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. वयाच्या मानानं हाडं फार ठिसूळ आहेत, जुळतंय की नाही ते नंतर एक्सरेतच कळेल. तेव्हापासून तिचा पलंग हॉलमध्ये खिडकीशी आला. सकाळी बारवी धरणाकडच्या पाड्यावरून अंजनी यायची, तिचं अंग पुसायची, वेणी घालायची आणि दुपारचं जेवण झालं की जायची. बाकी सगळं श्यामकांतांच्या गळ्यात.

नीलिमाचा जीव मात्र गच्चीत अडकलेला. बदलापूरचा एप्रिल म्हणजे काय ते बदलापूरकरांनाच विचारा. पारा बेचाळीसच्या वर, हवा हलायला तयार नाही. गुलाब करपतात, शेवंती माना टाकते, आणि त्या भट्टीत एकटी झिनिया ताठ उभी राहून फुलते. आणि ही झिनिया दुकानातली नव्हे. नीलिमाच्या आईनं, माईनं, रेवदंड्याच्या परसात वाढवलेली. पिकल्या रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, गर्द लाल रंग आणि पाकळीच्या कडेला पिवळा दोरा. माई गेली, घर दुसऱ्याचं झालं, परसात कोणीतरी गाडी लावायला फरशी घातली. नीलिमा दरवर्षी सगळ्यात चांगली फुलं झाडावरच वाळू द्यायची आणि त्यांच्या बिया धरायची. एका उन्हाळ्याचं झाड ते. फुललं की वाळणार, पुढचं सगळं बियांवर. त्या बिया वाया गेल्या की माईची झिनिया जगात कुठेही उरणार नव्हती.

"चौसष्ट आहेत," पुडी देताना नीलिमा म्हणाली. "अर्ध्याच पेरा. बाकीच्या अक्षय्य तृतीयेला. बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल, वर कोकोपीटचा, नारळाच्या भुशाचा, पातळ थर. सकाळ-संध्याकाळ पाणी फवारायचं. आणि अहो, इकडे बघा. पाच-सहा दिवस हात लावायचा नाही. पेरलं आणि विसरलं, असं."

"मी काय लहान आहे?" श्यामकांत म्हणाले.

लहान असते तर बरं झालं असतं. लहान पोराला खाऊ देऊन खाली तरी पाठवता येतं.

बत्तीस खणांचा ट्रे त्यांनी मोठ्या निगुतीनं भरला. प्रत्येक खणावर स्केचपेननं नंबर टाकला. पहिला दिवस कसाबसा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी फवारायला गेले आणि हात शिवशिवायला लागले. एकच बघू, त्यांनी स्वतःला समजावलं. बत्तीसमधलं एक म्हणजे तीन टक्के, एवढं सॅम्पलिंग तर कुठेही करतात. टूथपिकनं सातव्या खणातलं बी उकरलं, भिंगाखाली धरलं, वहीत लिहिलं: "खण ७. फुगलंय. मूळ नाही." आणि परत पुरून टाकलं. दुपारी एकोणिसावा खण. संध्याकाळी दोन, कारण एकावरून कसा निष्कर्ष काढणार?

तिसऱ्या दिवशी अकराव्या खणात बियाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला. मूळ! श्यामकांतांना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की त्यांनी लागोपाठ नऊ खण उघडले. रणरणत्या उन्हात तळहातावर बी घेऊन भिंगातून न्याहाळत बसले. नखाएवढं कोवळं मूळ ते, त्या उन्हात किती टिकणार? परत पुरलं तेव्हा त्याचा दोरा झालेला होता.

चौथ्या दिवशी उरलेले जवळजवळ सगळे खणही असेच उघडून झाले. तरीही पाचव्या दिवशी चार रोपं आपल्या हिमतीनं वर आली. दोन इवली पानं, आणि त्यांच्या टोकाला बियाचं टरफल अजून अडकलेलं. बाळाच्या डोक्यावर टोपी घट्ट बसावी तसं. ते टरफल आपोआप गळून पडतं, पण आपोआप या शब्दावर कर्णिकांचा कधी विश्वास होता? त्यांनी नीलिमाच्या ड्रॉवरमधला चिमटा आणला आणि टोप्या काढून द्यायला बसले. चारही माना तुटल्या.

खाली आले तर नीलिमा उशीवर मान उंच करून वाटच बघत होती. "आलं का हो काही?"

एकतीस वर्षांत ज्या माणसानं एक आकडा खोटा लिहिला नाही, तो माणूस आपल्या बायकोच्या तोंडावर म्हणाला, "बत्तीसपैकी अठ्ठावीस. सत्त्याऐंशी पूर्णांक पाच टक्के."

नीलिमाचा चेहरा असा उजळला, की श्यामकांतांना तिथे उभं राहवेना. चहा टाकतो म्हणून ते स्वयंपाकघरात पळाले.

आता खोटं निस्तरायचं तर अठ्ठावीस रोपं हवीत. अक्षय्य तृतीयेची वाट कसली बघता! त्यांनी दुसऱ्याच दिवशी पुडीतल्या पंचवीस बिया पेरल्या; सगळी पुडी रिकामी करायचा धीर होईना, आणि कमी पडतील ती रोपं 'गेली' म्हणून सांगता येणार होती. या वेळी मात्र उकरायचं नाही अशी शपथ घेतली, टूथपिकांची डबीसुद्धा कचऱ्यात टाकली. पण हाताला काहीतरी काम हवंच ना? मग ते पाणी घालत राहिले. सकाळी फवारा, दहाला फवारा, उन्हाचा ताव वाढला म्हणून बाराला मगभर, चारला परत. मध्ये नुसतं जाऊन बघायचं, आणि गेलोच आहोत तर थोडं पाणी. सहा दिवस झाले तरी मातीवर हिरवा ठिपका नाही. सातव्या दिवशी शपथ मोडून त्यांनी सगळा ट्रे वर्तमानपत्रावर उलटा केला. पंचवीसच्या पंचवीस बिया कुजल्या होत्या, आणि वास मारत होता.

श्यामकांत गच्चीच्या टाकीच्या सावलीत खाली बसले. पुडी झटकून बघितली. सात उरल्या होत्या.

तिकडे खाली रोजची चौकशी चालूच. "दुसरं पान फुटलं का? उन्हानं कोमेजत नाहीत ना?" आणि यांची उत्तरं तयार. "तिसरं पान फुटतंय. एक गेलं, सत्तावीस आहेत." एक मारलं होतं ते खरं वाटावं म्हणून! खोटं बोलायलाही यांना क्वालिटी कंट्रोल लागतो. पण पेपर वाचायला घेतला तर पहिल्या पानावरून पुढे सरकत नव्हते.

एका दुपारी "जरा फ्यूज आणतो" म्हणून निघाले ते थेट उल्हासनगरला. बियाण्यांच्या दुकानातल्या सिंधी शेठनं रंगीत पाकिटांची चळत त्यांच्यासमोर मांडली. "साईं, झिनिया चाहिए ना? ये लो, हायब्रिड. एकदम मोठा फूल येनार."

"रंग कुठला?"

"सब मिक्स."

"मिक्स नको. रातांब्यासारखा पाहिजे. कडेला पिवळा दोरा."

"वो क्या होता है, रातांबा?" शेठनं बाजूच्या पोत्यावर बसलेल्या भावाला विचारलं. भावालाही माहीत नव्हतं. "साईं, ऐसा कोई कंपनी नहीं बनाती. घर का बीज होगा वो. घर का बीज दुकान में कैसे मिलेगा?" हे त्यानं अगदी सहज सांगितलं. श्यामकांत फ्यूज न घेताच परत आले.

त्या संध्याकाळी नीलिमा म्हणाली, "अहो, मोबाइलवर फोटो तरी काढून आणा ना रोपांचा. डोळ्यांना बरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी कर्णिकसाहेबांनी काय करावं? रिक्षा करून अंबरनाथच्या रस्त्यावरची एक नर्सरी गाठली. माळी आत पाइप लावत होता तेवढ्यात बाहेर मांडलेल्या एका हिरव्यागार ट्रेचा फोटो काढला आणि त्याच रिक्षानं परत. रोपं छान वीतभर, टवटवीत. श्यामकांतांना वाटलं, चला, चार दिवस तरी निभावलं.

नीलिमानं चष्मा चढवला. फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"हा झेंडू आहे," ती म्हणाली.

"अं?"

"पानं बघा. कातरलेली, करवतीसारखी. झिनियाचं पान असं नसतं, साधं असतं. आणि मागे लाल पाइप दिसतोय. आपल्याकडे लाल पाइप नाही." तिनं मोबाइल चादरीवर ठेवला. "काय झालंय ते सांगा आता."

श्यामकांत खुर्चीत बसले. मग एकदा सुरू झाले तसे थांबेचनात. टूथपिक, भिंग, चिमटा, पाणी, उलटा केलेला ट्रे, उल्हासनगरचा शेठ, सगळं सांगून टाकलं. वहीसुद्धा आणून तिच्यापुढे ठेवली. खोलीत अंजनी होती, ती हातातली फणी तशीच धरून ऐकत राहिली.

"हात तुम्हाला आवरत नाहीत, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं," नीलिमा म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, चढवला असता तर परवडलं असतं. "बिया गेल्या, गेल्या. पण मी इथे लाकडासारखी पडलेय, मला दुसरे डोळे नाहीत, आणि तुम्ही मला खोटं सांगितलंत? पॉइंट पाचपर्यंत?"

तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. औषधं घेतली, जेवली, अंजनीशी बोलली. मधूनच डोळे पुसायची, आणि ते माईसाठी आहे हे श्यामकांतांना न सांगता कळत होतं. त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. पंख्यांची पाती पुसली. चामटोली गावापर्यंत भर उन्हात चालत गेले आणि तिथे काही काम नसल्यामुळे तसेच परत आले. कुठेच थारा लागेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी नीलिमानं विचारलं, "किती उरल्यात?"

"सात."

"आणा इकडे."

अंजनीनं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोकं पाडून दिली, खाली बशी ठेवली. नीलिमानं पडल्यापडल्या कुशीवर वळून, दात आवळून, स्वतःच्या हातानं सात बिया पेरल्या. प्रत्येकीशेजारी आगकाडी उभी खोवली. डबा उशाशी स्टुलावर ठेवला. पाणी चमच्यानं, तेही तीच घालणार. श्यामकांतांसाठी हुकूम एवढाच: टीव्हीच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही.

"काका, आमच्याकडं राब भाजून भात पेरला का मानूस तिकडं बगत पन नाय," अंजनी हसत म्हणाली. "दुसऱ्या कामाला लागतो. तुमी त त्याच्या छातीवर बसताव."

श्यामकांत निमूटपणे खुर्ची ओढून टीव्हीच्या अलीकडे बसले. पुढचे चार दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. बसल्या जागी पाय हलत राहायचा. हात मांडीखाली दाबून धरायचे. मध्येच उठून पोळपाट घासायचे, दोनदा घासलेला. दहादा तोंडाशी आलेलं "आलं का काही?" गिळून टाकलं, कारण ते विचारायचा हक्क आपण घालवलाय हे त्यांना पुरतं कळलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी ते ॲम्ब्युलन्स सांगायला गेले. दुसऱ्या दिवशी दहाला एक्सरे होता. परत आले तेव्हा अंजनी गेलेली, खिडकीचा पडदा ओढलेला आणि नीलिमा डोळे मिटून पडलेली. श्यामकांतांनी लांबूनच डब्याकडे बघितलं. एकतीस वर्षांची नजर ती. पाचवी आगकाडी डावीकडे कलली होती, आणि तिच्याभोवतीचा कोकोपीट भुसभुशीत दिसत होता.

ते टीव्हीच्या पलीकडे गेले. "नीलिमा."

"हं."

"हात बघू."

"कशाला?"

"बघू तर."

तिनं चादरीखालून उजवा हात काढला. मूठ घट्ट. तर्जनीच्या नखात तपकिरी कोकोपीट भरला होता. श्यामकांतांच्या तोंडावर हसू आलंच होतं, काय काय बोलता आलं असतं आता! पण तिचा चेहरा बघितला आणि हसू जागच्या जागी विरलं. ती रडत होती.

"एकच उकरलं," ती म्हणाली. "बेचाळीस दिवस मी या छताकडे बघतेय. आत काय चाललंय, काही कळत नाही. जुळतंय, सडतंय, काय होतंय? उद्या फोटो काढतील आणि कुणीतरी सांगेल, बाई, नाही जुळलं, परत कापावं लागेल. मी दिवसभर तोच विचार करतेय. मला राहवलंच नाही हो. म्हटलं, एक तरी गोष्ट आपणहून बघावी."

"मग?"

तिनं मूठ उघडली. तळहातावर करडं, चपटं बी, आणि त्याच्या टोकाला पांढरं, वळलेलं, नखाएवढं मूळ.

श्यामकांत पलंगाच्या कडेवर बसले. तिच्या तळहाताकडे बघता बघता त्यांचाही बांध फुटला. साठी ओलांडलेला माणूस, नाक ओढत, शर्टाच्या बाहीला डोळे पुसत बोलायला लागला. "डॉक्टर ठिसूळ म्हणाले ना, त्या दिवसापासून तेच डोक्यात आहे. तुझ्या पायात काय चाललंय ते मला बघता येत नव्हतं. तू झोपलीस की मी नुसता त्या पायाकडे बघत बसायचो. मग वर जायचो आणि एक बी उकरायचो. काहीतरी होतंय एवढं दिसलं तरी पुरे होतं गं मला."

"मग हे सांगायचं होतंत," नीलिमा रडत रडतच ओरडली. "अठ्ठावीस कसले सांगता मला!"

त्यांनी तिचा मातीचा हात दोन्ही हातांत घेतला. ते बी मधल्या मध्ये दोघांच्या तळव्यांत दबलं, पण त्या वेळी दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनीनं पडदा उघडला आणि आधी तीच ओरडली. डब्यात तीन रोपं वर आली होती. दोन सरळ, आणि एक कमान करून मान काढणारं, डोक्यावर टरफल तसंच घेऊन. बाकीच्या तीन आगकाड्यांपाशी अजून काही नव्हतं. नीलिमानं मोजलं, परत मोजलं. कुणाच्याच तोंडून टक्केवारी निघाली नाही.

खाली ॲम्ब्युलन्सवाला हॉर्न वाजवायला लागला. बिल्डिंगला लिफ्ट नाही. दोन माणसं वर आली, त्यांनी नीलिमाला खुर्चीत बसवलं, पाय फळीवर सरळ बांधला. दारातून खुर्ची बाहेर काढताना ती कलली, आणि नीलिमानं घाबरून दाराची चौकट पकडली. तिथून खाली बावीस पायऱ्या होत्या. ऑपरेशन करून घरी आल्यापासून पहिल्यांदाच उतरत होती ती.

श्यामकांत फाइल काखेत मारून मागे उभे होते, पण त्यांची मान वळलेली. हॉलमध्ये, स्टुलाकडे. ते टरफल अगदी सैल झालेलं दिसत होतं. नुसतं बोट लावलं तरी निघालं असतं.

"अहो!" नीलिमा ओरडली. "तिकडे काय बघताय? इकडे धरा मला!"

त्यांनी फाइल अंजनीकडे फेकली आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरली.